हळू चालणारी बाईक पडली तर: उचलायची कशी, तपासायचं काय आणि परत पडू नये म्हणून काय बदलायचं

सरळ पळणारी बाईक स्वतःचा तोल स्वतःच सावरत असते. ती जिकडे झुकेल तिकडे पुढचं चाक आपोआप थोडं वळतं आणि गाडी परत उभी राहते, आपण नुसतं हँडल धरून बसायचं. स्पीड साधारण १५-२० च्या खाली आला की ही फुकटची मदत कमी कमी होत जाते आणि मग तोल सांभाळायचं काम पूर्ण आपल्यावर येतं. म्हणून तर बाईक पडते ती यू-टर्न घेताना, गेटमधून वळताना, पार्किंगमध्ये नाहीतर अगदी थांबता थांबता. ‘हळूच होतो तरी पडलो’ असं जो तो म्हणतो, पण खरं तर हळू होता म्हणूनच पडलात. आणि कारण शोधायला गेलं की बऱ्याच वेळा तेच निघतं: हँडल वळलेलं होतं, गाडी झुकलेली होती आणि नेमकी तेव्हाच इंजिनची ओढ तुटली. इंजिन बंद पडलं असेल, घाबरून क्लच पूर्ण दाबला असेल नाहीतर पुढचा ब्रेक दाबला असेल, परिणाम सारखाच.

ते नीट बघूच, पण आधी गाडी आडवी झालेली आहे असं धरून सुरुवात करू.

गाडी जातेय असं कळलं की सोडून द्या

हे ऐकायला जड जातं पण आकडे बघा. १८० किलोची बाईक घ्या, तिच्या वजनाचा मध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटरवर आणि हँडल १ मीटरवर आहे असं धरा. गाडी ५ अंश झुकली असेल तर हँडलपाशी साधारण ९ किलोचा जोर लावून ती धरता येते, आरामात. १५ अंशाला तोच जोर २५ किलोच्या वर जातो आणि ३० अंशाला जवळजवळ ५० किलो. हा हिशोब गाडी नुसती तिरकी उभी असताना आहे, पडताना तिला जो वेग असतो तो वेगळाच. म्हणजे थोडीशी झुकली तर पाय टेकवून सावरायची, नक्की सावरायची, पण एका मर्यादेपलीकडे गेली की ती धरून ठेवायचा हट्ट केल्यावर गाडी तर पडतेच, वर कंबर, खांदा किंवा गुडघा पण घेऊन जाते. लिव्हर तुटली तर नवी मिळते.

सोडताना दोन गोष्टी. ज्या बाजूला गाडी जातेय त्या बाजूचा पाय खालून बाहेर काढा, कारण सगळ्यात वाईट दुखापत होते ती पाय गाडी आणि रस्त्याच्या मध्ये सापडून, त्यात सायलेन्सर त्याच बाजूला असेल तर भाजतं ते वेगळं. आणि हात जमिनीवर टेकवून शरीराचं वजन झेलायचा प्रयत्न करू नका, मनगट तिथेच जातं. गाडीपासून एक-दोन पावलं लांब उतरल्यासारखं व्हायचं, एवढंच.

पहिलं मिनिट: इंजिन, आपण, मागचा ट्रॅफिक

आधी किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण), मग चावी बंद. बऱ्याच फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांना गाडी आडवी झाल्याचं कळणारा सेन्सर असतो, तो इंजिन आपोआप बंद करतो, पण त्याच्या भरवशावर बसू नका. आडव्या गाडीत ऑइल एका बाजूला जातं, पंपाला ते मिळेलच असं नाही आणि चालू राहिलेलं इंजिन सुकं फिरत राहतं. कार्ब्युरेटरची गाडी असेल तर पेट्रोलचा कॉक पण बंद करा, ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल गळायला लागलेलं असतं. टाकीच्या झाकणातूनही थोडं येऊ शकतं. त्यामुळे आजूबाजूला कोणी सिगारेट ओढत मदतीला येत असेल तर त्याला आधी लांब करा.

मग स्वतःकडे बघा. पडल्यावर लगेच काही दुखत नाही, ते थोड्या वेळाने सुरू होतं, म्हणून घोटा, गुडघा, मनगट हळूहळू हलवून बघा. पायावर भार देता येत नसेल तर गाडी उचलायचा विषयच नाही, ती दुसरं कोणीतरी उचलेल. रस्त्याच्या मध्ये असाल तर मागून येणाऱ्यांना हात दाखवा किंवा कुणाला तरी उभं करा.

इथे मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते घाईबद्दल. लोक बघत असतात, मागून हॉर्न वाजतो, लाज वाटते, आणि माणूस एका झटक्यात गाडी उचलायला जातो. कंबर याच झटक्यात भरते, आणि गाडी उभी होऊन जोराच्या नादात दुसऱ्या बाजूला पडते ती पण अशाच वेळी. आता दोन्ही बाजू घासल्या. एक मिनिट थांबल्याने काही बिघडत नाही, हॉर्न वाजवणाऱ्यांना वाजवू द्या.

उचलायची कशी

गाडी गिअरमध्ये आहे का बघा, नसेल आणि गिअरपर्यंत पाय पोचत असेल तर पहिला टाका, म्हणजे उचलताना चाक पळणार नाही. डाव्या बाजूला पडली असेल तर गिअरचा लिव्हर खाली दबलेला असतो, मग चाकाखाली दगड किंवा वीट लावा.

गाडी उजवीकडे पडली असेल तर उचलायच्या आधीच साईड स्टँड उघडून ठेवा. हे विसरू नका, कारण स्टँड उघडा असला की उचलताना जोर जास्त लागला तरी गाडी पलीकडे स्टँडवर जाऊन टेकते. डावीकडे पडली असेल तर स्टँड गाडीखाली दबलेला असतो, तो गाडी उभी झाल्यावर पायाने काढावा लागतो, त्यामुळे शेवटच्या टप्प्याला जास्त सावकाश.

जड गाडीसाठी पाठमोरी पद्धत:

१. हँडल पूर्ण वळवा, पुढच्या चाकाचं टोक जमिनीकडे जाईल अशा बाजूला. यामुळे खालची ग्रिप टाकीच्या जवळ येते.

२. गाडीकडे पाठ करा, खाली बसा, ढुंगण आणि कंबरेचा खालचा भाग सीटच्या कडेला घट्ट टेकवा.

३. एका हाताने खालची ग्रिप धरा, दुसऱ्या हाताने मागचा ग्रॅब रेल (मागे बसणाऱ्याने धरायचा दांडा) नाहीतर फ्रेमचा पक्का भाग. इंडिकेटर, प्लास्टिक आणि गरम सायलेन्सरला हात लावायचा नाही.

४. पाठ सरळ, नजर समोर, आणि पायाने जमीन ढकलत अगदी छोटी छोटी पावलं मागे. हात फक्त धरायला आहेत, काम मांड्यांचं आहे.

५. गाडी जवळजवळ उभी झाली की वेग कमी करा. स्टँड आधीच उघडा असेल तर तिला त्यावर टेकू द्या, नसेल तर पायाने काढा.

सुरुवातीचा भाग सगळ्यात जड जातो, अर्ध्याच्या वर आली की एकदम हलकी वाटायला लागते आणि नेमकी तिथेच ती पलीकडे जाते.

हलकी गाडी किंवा स्कूटर असेल तर तोंड गाडीकडे ठेवूनही जमतं, एक हात हँडलवर, दुसरा मागच्या ग्रॅब रेलवर, गुडघे वाकवून अंग सीटला चिकटवायचं आणि जोर लावायचा तो वर नाही तर पुढे. वर खेचलं की कंबर, पुढे ढकललं की पाय, फरक एवढाच आहे.

उतारावर चाकं वरच्या बाजूला आणि सीट खालच्या बाजूला अशी पडली असेल तर उचलायच्या नादी लागू नका. आधी तिला आडवीच जमिनीवर फिरवा, चाकं उताराच्या खालच्या बाजूला येतील अशी. थोडे ओरखडे वाढतील, वाढू देत. ओल्या किंवा तेलकट जागेत पाय घसरत असतील तर दुसऱ्या माणसाची वाट बघा. दोघं असाल तर एकाने उचलायचं आणि दुसऱ्याने पलीकडून धरायचं, दोघांनी एकाच बाजूने जोर लावला तर पलीकडे पाडायचीच तयारी झाली.

लगेच स्टार्टर मारू नका

दोन-चार मिनिटं गाडी उभी राहू द्या म्हणजे ऑइल आणि पेट्रोल आपापल्या जागी परत जाईल. तेवढ्यात खाली काही गळतंय का ते पण दिसतं. इंजेक्शनच्या गाडीला चावी एकदा पूर्ण बंद करून परत चालू करावी लागते, नाहीतर तो पडल्याचा सेन्सर तिला चालू होऊ देत नाही, आणि लोक उगाच बॅटरी गेली म्हणून स्टार्टर मारत बसतात. किल स्विच परत चालू केलाय का ते पण बघा, हे तर इतके जण विसरतात की सांगायला नको. कार्ब्युरेटरवाली ओव्हरफ्लो झाली असेल तर चोक न देता, थोडी रेस उघडी ठेवून मारा.

चालू झाल्यावर थोडा निळसर-पांढरा धूर आला तर घाबरू नका, आडवी असताना नको तिथे गेलेलं ऑइल जळतंय. काही मिनिटांत थांबायला हवा. थांबत नसेल किंवा ऑइलचा दिवा विझत नसेल तर इंजिन बंद. आणि स्टार्टर अडकल्यासारखा ठक्क करून थांबत असेल तर परत परत मारू नका, सिलिंडरमध्ये ऑइल किंवा पेट्रोल साठलं असण्याची शक्यता असते आणि जोर केला तर खर्च फार मोठा होतो. सरळ मेकॅनिकला बोलवा.

निघायच्या आधी काय बघायचं

ओरखडे नंतर मोजा. आधी बघायचं ते ज्याने जीव जाऊ शकतो ते, आणि त्यात पहिला नंबर अॅक्सिलरेटरचा. गाडी उजवीकडे पडली की हँडलच्या टोकाचं वजन आत सरकतं आणि ग्रिपला घासायला लागतं, मग रेस दिली की ती परत येतच नाही. इंजिन बंद ठेवून ग्रिप फिरवा आणि सोडा, ती टचकन मागे आली पाहिजे. हँडल सरळ असताना, पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे, तिन्हीकडे करून बघा.

मग पुढचा ब्रेक जोरात दाबून धरून ठेवा. लिव्हर हळूहळू आत जात असेल किंवा ब्रेक ऑइल गळत असेल तर चालवायची नाही. मागच्या ब्रेकचं पेडल आत वाकून इंजिनच्या कव्हरला टेकलंय का बघा, टेकलं असेल तर पाय दाबूनही ब्रेक लागत नाही. डाव्या बाजूला हेच गिअरच्या लिव्हरचं. फूटरेस्ट वाकलंय का, आरसे, इंडिकेटर, हेडलाइट, ब्रेक लाइट.

इंजिनच्या कव्हरवरचा ओरखडा आणि चीर यात फरक कळायला एक साधी गोष्ट: कापडाने पुसा, इंजिन थोडं चालवा आणि परत बघा. ऑइलची बारीक रेघ परत आली तर चीर आहे. पाण्याने थंड होणारी गाडी असेल तर रेडिएटर पण बघा.

क्लच किंवा ब्रेकचा लिव्हर वाकला असेल तर तो रस्त्यावर सरळ करायचा मोह आवरा. हे लिव्हर ॲल्युमिनियमचे असतात, एकदा वाकलेला परत वाकवला की हातात तुटून येतो. वाकडा पण काम करणारा लिव्हर घरी पोचवतो, सरळ केलेला तुटका नाही. टोक तुटून अर्धा राहिला असेल तरी दोन बोटांनी चालतं.

चाक सरळ आणि हँडल तिरकं अशी तक्रार पडल्यावर नेहमीची आहे. बहुतेक वेळा काही वाकलेलं नसतं, पुढचे शॉकअप क्लॅम्पमध्ये थोडे फिरलेले असतात. पुढचं चाक गुडघ्यात धरून हँडल उलट बाजूला पिळणारे बरेच दिसतात आणि कधी कधी त्याने जमूनही जातं, पण नीट काम म्हणजे क्लॅम्पचे बोल्ट सैल करायचे, सरळ करायचं आणि कंपनीने सांगितलेल्या टॉर्कला, म्हणजे ठरलेल्या जोराने, परत आवळायचं. ते येत नसेल तर मेकॅनिककडेच जा. तिथपर्यंत हळू. आणि पहिल्या शंभर मीटरमध्येच दोन्ही ब्रेक एकदा मारून बघा.

आता खरा प्रश्न, पडली का?

‘तोल गेला’ हे कारण नाही, ते तर काय झालं त्याचं वर्णन झालं. पडायच्या आधीचे दोन सेकंद आठवा: डावा हात काय करत होता, उजव्या हाताची बोटं कुठे होती, नजर कुठे होती, हँडल सरळ होतं का वळलेलं.

यू-टर्नचा हिशोब परत आकड्यांतच बघू. ताशी १० किलोमीटरने ४ मीटर त्रिज्येचं वळण घेतलं तर गाडी साधारण ११ अंश झुकलेली असते. ती त्या अवस्थेत टिकते कारण ती वळतेय आणि पुढे जातेय. आता इंजिन बंद पडलं, गचका बसून गाडी थांबली. झुकाव तसाच राहिला पण त्याला तोलणारा वेग गेला, आणि अचानक ११ अंश झुकलेली उभी गाडी तुमच्या एका पायावर आली. वरच्याच हिशोबाने हँडलपाशी १९ किलोच्या आसपास. मागे कोणी बसलेलं असेल तर त्याच्या कितीतरी जास्त. म्हणून वळणात गाडी डगमगली की उपाय थांबणं नाही, थोडी ओढ देणं आहे. क्लच किंचित सोडा, गाडी स्वतःच उभी होते. हे डोक्याला पटतं पण हाताला पटत नाही, हात घाबरला की मूठ आवळतो, आणि मुठीत क्लच आणि ब्रेक दोन्ही असतात.

पुढच्या ब्रेकचं वेगळं. हँडल वळलेलं असताना तो लावला की पुढचे शॉकअप दबतात, गाडी वळणाच्या आतल्या बाजूला खेचली जाते आणि एका क्षणात बसते. पार्किंगमध्ये पडणाऱ्यांत हे फार. नियम साधा ठेवा: हँडल वळलेलं आणि स्पीड चालण्याएवढा, तर उजव्या हाताची बोटं ब्रेकवर नकोत, जो काय ब्रेक लागेल तो मागचा. आणि पूर्ण थांबायच्या आधी हँडल सरळ.

बाकीची कारणं पटापट. पाय टेकवला तिथे खड्डा, खडी नाहीतर उतार निघाला: थांबायच्या आधी जागा निवडा, उतार आडवा असेल तर उंच बाजूचा पाय. साईड स्टँड पूर्ण उघडला नव्हता: पायाने पुढे ढकलून खात्री करा, मगच वजन सोडा. स्टँड मऊ मातीत किंवा उन्हाने वितळलेल्या डांबरात रुतला: खाली चपटा दगड किंवा फळी. तोंड उताराकडे करून न्यूट्रलमध्ये लावली आणि ती स्टँडवरून पुढे सरकली: शक्यतो तोंड चढाकडे, गिअरमध्ये. डिस्क लॉक (ब्रेकच्या डिस्कला लावायचं कुलूप) काढायचा विसरला: आठवण म्हणून हँडलला एक चमकदार दोरी बांधा. हाताने ढकलताना पलीकडे गेली: ढकलताना गाडी कायम थोडी आपल्याकडे झुकलेली, कंबरेला टेकलेली.

क्रॅश गार्ड लावायचा का? लावा, पाय आणि इंजिनचं कव्हर दोन्ही वाचतात, पण गार्ड पडणं थांबवत नाही. त्यापेक्षा एक फुकटचा उपाय कमी लोक करतात: लिव्हरचे क्लॅम्प हँडलवर इतकेच आवळायचे की वापरताना हलणार नाहीत पण जोरात फटका बसला तर फिरतील. लिव्हर फिरला की तुटत नाही.

सराव

मोकळी, सपाट, कोरडी जागा. बूट, ग्लोव्हज आणि हेल्मेट, स्पीड कमी असला तरी.

आधी फक्त क्लच. पहिल्या गिअरमध्ये, रेस न देता, क्लच इतकाच सोडा की गाडी ओढायला लागेल, परत दाबा, परत सोडा. हाफ क्लचची ती जागा बोटांना न बघता सापडायला लागली पाहिजे. मग त्यात थोडी स्थिर रेस, आणि मागचा ब्रेक हलका दाबून ठेवायचा. इंजिन ओढतंय आणि ब्रेक मागे धरतोय, गाडी या दोघांत ताणलेल्या दोरीसारखी स्थिर होते. स्पीड कमी-जास्त करायचा तो ब्रेकने, रेस आहे तशीच. बहुतेक बाईकचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो, त्याला एवढं घासणं चालतं, पण मधे मधे इंजिन थंड होऊ द्या. गिअरलेस स्कूटरला हाफ क्लच नाही, तिथे थोडी रेस आणि मागचा ब्रेक यावरच खेळायचं.

मग सरळ रेषेत जितकं हळू जमेल तितकं. जपानमध्ये लायसन्सच्या परीक्षेत १५ मीटर लांब आणि फक्त ३० सेंटिमीटर रुंद पट्टीवरून गाडी न्यावी लागते आणि तिथे पटकन जाणाऱ्याचे मार्क कापतात: मधल्या गटाच्या बाईकला किमान ७ सेकंद, मोठ्या बाईकला १० सेकंद. खडूने तशी पट्टी आखा आणि घड्याळ लावा. नजर चाकासमोर गेली की पट्टीवरून उतरलातच, पट्टीच्या टोकाच्या पुढे बघा.

त्यानंतर वळणं. मोठ्या गोलापासून सुरुवात, मग लहान, मग आठचा आकडा. मान वळवा, खरंच वळवा, हनुवटी खांद्यावर येईल एवढी, जिथे बाहेर पडायचंय तिथे बघा. हळू वळणात गाडी आत झुकते तेव्हा आपण सीटवर थोडं बाहेरच्या बाजूला सरकायचं, गाडी आत, अंग बाहेर. यू-टर्नला रुंदी आखून ठेवा. ब्रिटनच्या परीक्षेत मोठ्या बाईकसाठी ती ७.५ मीटर असते. सुरुवात १० मीटरने करा आणि रोज थोडी कमी करा. ज्या बाजूला जमत नाही त्या बाजूला जास्त, बऱ्याच जणांना उजवीकडचं अवघड जातं, कारण उजवा हात अंगाजवळ येतो आणि रेस नीट देता येत नाही.

हे सगळं एकट्याने जमल्यावरच मागे कोणाला तरी बसवून करा, गाडीचा स्वभावच बदललेला वाटेल. मागे बसणाऱ्याला आधीच सांगून ठेवा: मी ‘हं’ म्हटल्याशिवाय चढायचं नाही आणि उतरायचं नाही, थांबताना पाय खाली सोडायचे नाहीत आणि वळणात माझ्या अंगाबरोबर राहायचं, उलट्या बाजूला झुकून मला मदत करायची नाही.